नऊ गोळ्या, नऊ खड्डे

"बंद कर! आधी बंद कर ते!" आत्या ओरडली.

फिरकीने दोन ढांगांत आत्याच्या वर्कशॉपमधला लेथ गाठला आणि लाल बटण दाबलं. धातू कातायचं ते किंचाळणारं यंत्र कण्हत कण्हत थांबलं. किती तापलंय ते बघायला तिच्या धाकट्या भावाने बोट लावलं आणि "आई गं!" करत ते तोंडात घातलं. प्रत्येक गोष्टीत शंका काढायची खोड असल्यामुळे घरात सगळे त्याला शंकासुरच म्हणत.

"झालं! हीही जोडी गेली," फिटरकाका खांद्यावर हातोडा टाकत म्हणाले. "ताई, महिन्यात तीनदा बेअरिंगं बदलली. यंत्र म्हातारं झालंय. आता भंगारवाल्याला बोलवा!"

आत्या फडक्याने लेथ पुसत राहिली. मग म्हणाली, "कपाटात शेवटची जोडी आहे. उद्या ती बसवून बघा. नाहीच चाललं तर... बघू."

फिरकीला आधी आपला भोवरा आठवला. या सुट्टीत आत्या तिला लेथवर पितळी भोवरा करायला शिकवणार होती! पण लगेच तिची तिलाच लाज वाटली. आत्याचं सगळं काम या एका लेथवर चालतं, आणि आपण भोवऱ्याचं काय घेऊन बसलोय?

लेथच्या डोक्यात एक जाड पोलादी दांडा असतो, त्याला स्पिंडल म्हणतात. तो सरळ आणि हलका फिरावा म्हणून त्याच्यावर बेअरिंगं घट्ट बसवतात. बेअरिंग म्हणजे एक आतली कडी, एक बाहेरची कडी आणि दोघींच्या मधे गोल फिरणाऱ्या गोळ्या.

आता आत्याची एक गंमत सांगायला हवी. बाद झालेला कुठलाही भाग ती फेकत नसे. त्याला तारखेची चिठ्ठी बांधून भिंतीवरच्या खिळ्याला टांगायची. "ही आमची सेवानिवृत्त मंडळी," असं म्हणायची.

संध्याकाळी मुलांनी ही मंडळी खाली उतरवली.

"ही चिठ्ठी बघ! कारखान्यातून लेथ आला तेव्हाची बेअरिंगं अकरा वर्षं चालली," फिरकी म्हणाली. "आणि नंतरची एकेक आठवडा?"

"म्हातारं यंत्र एका महिन्यात म्हातारं होतं का?" शंकासुराने शंका काढली.

फिरकीने जुनं बेअरिंग बोटावर फिरवलं. ते सैल होतं, पण गुळगुळीत फिरलं. नंतरचं एक फिरवलं तर कट्... कट्... अडखळायला लागलं! तिने विजेरी आणली. कडीच्या आतल्या खोबणीत बारीक बारीक खड्डे होते, अगदी सारख्या अंतरावर.

"मी मोजणार! मी!" आत्याची सात वर्षांची लेक मधे घुसली. हिला खेळात कायम लिंबूटिंबू धरत, म्हणून नावही तेच पडलं होतं. तिने दोनदा मोजलं. "नऊ खड्डे. आणि गोळ्यापण नऊ!"

"गोळ्यांनीच पाडलेत!" फिरकी म्हणाली.

"पण फिरताना पाडले असते तर सगळीकडे ओरखडे उठले असते. हे तर जागच्या जागी..." शंकासुर म्हणाला.

"काका ठाण ठाण करतात ना, तेव्हा!" लिंबूटिंबू म्हणाली.

दोघे तिच्याकडे बघतच राहिले. बाहेरच्या कडीवर हातोड्याच्या खुणा चकाकत होत्या! घट्ट बसायची आतली कडी, घाव बाहेरच्या कडीवर, आणि मार खाल्ला मधल्या गोळ्यांनी!

"म्हणजे यंत्राचा काही दोषच नाही!" फिरकी उसळली. "चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"पण हातोडा न मारता बसवायचं कसं?" शंकासुर पुटपुटला.

उत्तर मिळालं सकाळी न्याहारीला. जॅमच्या बाटलीचं झाकण हलेना, तेव्हा आत्याने ते गरम पाण्याखाली धरलं. झाकण सुटलं!

"आत्या, असं का होतं गं?" शंकासुराने विचारलं.

"धातू तापला की फुगतो रे, गार झाला की आक्रसतो."

फिरकी ताडकन उठली. "मग बेअरिंग तापवू आणि दांडा गार करू!"

मुलांनी खड्डे दाखवले. आत्याने भिंग लावून बघितलं आणि कपाळावर हात मारला. शेवटच्या जोडीच्या खोक्यातला माहितीचा कागद तिने पहिल्यांदाच उघडला. हातोड्याच्या चित्रावर ही मोठी फुली होती!

"अकरा वर्षं माझ्यासाठी राबला बिचारा, आणि मी त्याला भंगारात काढायला निघाले होते," ती हळूच म्हणाली.

फिटरकाका आले, दांडा बाहेर काढून जेवायला गेले आणि परतले तर दांडा गायब!

"अहो, दांडा कुठे गेला?"

"आइस्क्रीम खायला!" लिंबूटिंबू म्हणाली.

खरंच होतं ते! समोरच्या आइस्क्रीमवाल्याच्या शीतपेटीत दांडा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून झोपला होता. इकडे आत्याने तेलाचं पातेलं तापत ठेवलं होतं. बेअरिंगं तारेला लटकवलेली, पातेल्याच्या बुडाला टेकू न देता.

"हातोड्याशिवाय बसलं तर मी मिशी उतरवीन!" काका गरजले.

"नव्वद अंश!" तापमापकाकडे बघत शंकासुर ओरडला. फिरकी धावत दांडा घेऊन आली. आत्याने तो कोरडा पुसला, जाड हातमोजे चढवले, बेअरिंग उचललं आणि...

सर्रकन! टोपी डोक्यावर बसावी तसं ते बसलं! पाठोपाठ दुसरंही.

सगळं निवल्यावर यंत्र जोडलं. बटण दाबायचा मान फिरकीचा. लेथ फिरू लागला, अगदी हलक्या आवाजात. अर्धा तास झाला तरी नुसता कोमटच!

"आता तुम्हाला शंकासुर आणि लिंबूटिंबू म्हणायची सोय राहिली नाही," आत्या हसत म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "शाब्बास रे! माझा लेथ वाचवलात तुम्ही."

फिटरकाका बराच वेळ खड्डे न्याहाळत होते. "तीस वर्षं मी यंत्रांनाच शिव्या घातल्या," ते म्हणाले. "मिशी तेवढी राहू द्या, पण हा घ्या." त्यांनी हातोड्याला आजच्या तारखेची चिठ्ठी बांधली आणि स्वतःच्या हाताने तो खिळ्याला टांगला.

टाळ्या थांबल्यावर आत्याने पितळेचा एक गोल तुकडा फिरकीच्या हातावर ठेवला. "चल, भोवऱ्याला लागू या!"