आकार कमी भरला

कोलशेतच्या कारखान्यात मी सुट्या भागांची मापं तपासतो. माप खोटं बोलत नाही, हे नव्या पोरांना मी इतक्यांदा ऐकवलंय की ती माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करतात. त्यामुळे वागळे इस्टेटमधल्या स्कॅन सेंटरात तो पाठीवर बंद बांधायचा झगा घालून आडवा झालो, तेव्हा भीती मशीनची नव्हती. मापाची होती.

"श्वास घ्या. रोखा. सोडा," काचेपलीकडून लिओना नावाची टेक्निशियन सांगत होती. गुरुदत्तदादाचं यकृत निकामी होत आलं होतं आणि घरात रक्तगट जुळणारा मी एकटाच. माझ्या यकृताचा उजवा भाग कापून त्याला दिला, तर त्याला पुरेल का आणि मला किती उरेल, ते स्कॅनवरून मोजायचं होतं.

दोघांनाही पुरत होतं. डॉक्टरांनी दार लोटून घेतलं.

"स्वानंद, मनात नसेल तर आत्ताच सांगा. घरी आम्ही एवढंच सांगतो की आकार कमी भरला. खरं कारण या खोलीबाहेर जात नाही."

मी द्यायला नाही म्हणालो. घाबरलो, याखेरीज दुसरं काही कारण नव्हतं.

बाळकुमला घरी आल्यावर दादानेच माझी समजूत काढली. "अरे, तुझा काय दोष? देवाने बेतानेच दिलंय तुला." त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. देवयानीवहिनीने माझ्या भातावर जास्तीचं तूप वाढलं. लाज वाटत होती, तरी पान स्वच्छ केलं.

मग एका सकाळी उजव्या बरगडीखाली दुखत जागा झालो. बोटांनी दाबून पाहिलं, तर ती जरा जास्तच आत गेली.

त्याच दिवशी दादाने आपणहून खायला मागितलं. पुढे पोटाची सूज उतरली, डोळे निवळले. डॉक्टर चक्रावले, वहिनीने मजलाभर पेढे वाटले. माझ्या मनात आधी 'सुटलो' आलं, आनंद नंतर झाला. त्याचीही लाज वाटली.

दुखणं थांबेना. शेवटी कुणाला न सांगता पुन्हा स्कॅनला गेलो.

लिओनाने पडद्यावरची चित्रं दोनदा मागे-पुढे करून पाहिली.

"ऑपरेशन कधी झालं?"

"कसलं ऑपरेशन? झालंच नाही."

ती आत आली. झगा बाजूला करून तिने माझं पोट पाहिलं. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"उजवा भाग नाहीये तुमचा," ती हळूच म्हणाली. "कापलाय, तोपण एकदम साफ." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाली, "राहिलेलं वाढतं पण. भरून येतं."

घरी आलो. दादा बाल्कनीत उघडाच बसला होता. बरगड्यांखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत गुलाबी, ओला व्रण.

मला बघताच त्याने टॉवेल ओढून घेतला. शरमला.

"झोपला होतास तू," तो म्हणाला. "विचारलं असतं तर पुन्हा नाहीच म्हणाला असतास."

वहिनीने माझं पान मांडलं. भातावर तूप सोडलं, मग आणखी सोडलं.

"पोटभर जेवा, भाऊजी. लवकर भरून यायला हवं."

दादा समोर येऊन बसला. त्याच्या डोळ्यांच्या कडा पुन्हा पिवळ्या दिसत होत्या.