चतुराबाईचा पहिला डोस

नोव्हेंबरातली दुपार होती. दोन वाजून गेले असतील. पंचशीला सिस्टरनं लसीचा निळा डबा स्कूटीवर पायाशी ठेवला आणि धारूरचा घाट उतरून ती बोरदऱ्याच्या वाटेला लागली. काम रोजचंच. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडायचं, डोस द्यायचे, पाच वाजता डबा आरोग्य केंद्रात परत करायचा.

फक्त आज डोस घ्यायला कुणी येणार नव्हतं, आणि ते तिला पक्कं माहीत होतं.

दिवाळी झाली तशा टोळ्या ऊसतोडीला कर्नाटकात गेल्या होत्या. घराघराला कुलपं. पारावर एक म्हातारा झोपलेला, शाळेला सुट्टी. सकाळी केंद्राच्या अमरसिंह डॉक्टरांनी तिच्या हातात कागद दिला होता. दहा नावं.

"बोरदऱ्याचे एवढेच दुसरे डोस राहिलेत," डॉक्टर म्हणाले होते. "आज शंभर टक्के दाखवायचंय. वर कळवून बसलोय मी."

"सर, यातले चौघं..."

"माहीताय. बस जा तिथं दोन तास. फोटो काढ टेबलाचा. बाकीचं सोमनाथ ऑपरेटर कम्प्युटरवर करतो."

ओसरीवर बसून तिनं तो कागद पुन्हा पाहिला. चौथं नाव चतुराबाईचं. वय अडुसष्ट.

ही चतुराबाई बोरदऱ्याचीच, पंचशीलाच्या माहेरच्या गल्लीतली. पंचशीला नर्सिंगला गेली तेव्हा म्हातारीनं बुद्धविहारात सगळ्यांना साखर वाटली होती. "आपल्यातली पोर सिस्टर झाली. आता सरकारी दवाखान्यात आपलं मानूस हाय," असं ती कोणी भेटेल त्याला सांगायची.

एप्रिलात दुसरी लाट आली. केंद्रावर दिवसाला शंभर माणसं रांगेत आणि बाटल्या दोन, कधी तीन. चतुराबाई सात किलोमीटर चालत यायची. दोनदा लस संपली म्हणून परत गेली. तिसऱ्यांदा मात्र पहाटेच येऊन बसली, तिला चौथ्या नंबरचं टोकन मिळालं. ऊन चढेपर्यंत ती चिठ्ठी मुठीत धरून बसली होती.

साडेदहाला डॉक्टरांनी पंचशीलाला आत बोलावलं. "एक बाटली घे आणि गाडीत बस. बबनरावांकडं जायचंय."

बबनराव म्हणजे तालुक्यातले मोठे ठेकेदार. आरोग्य केंद्राची नवी इमारत त्यांनीच बांधलेली. पंचशीला गाडीत बसताना चतुराबाईनं विचारलं, "पोरी, कुठं चाललीस? आमचा नंबर कवा?"

"लस संपली मावशी," पंचशीला म्हणाली. आणि डबा पदराखाली घेतला.

बंगल्यावर तिनं दहा जणांना सुया दिल्या. दोन मुलगे, सुना, भाचे, एक मेव्हणा. बहुतेक तिशीच्या आतले. तेव्हा पंचेचाळीसच्या खाली लस नव्हती, म्हणून त्यांची नावं लावता येईनात. मग रांगेतल्या पहिल्या दहा टोकनवाल्यांची नावं लागली, सगळी बोरदऱ्याची. आजच्या कागदावर होती ती हीच दहा नावं. कागदावर सही पंचशीलाची. सरबताचा ग्लास तिनं तिथंच रिकामा केला होता, हे तिला नंतर पुष्कळदा आठवलं.

मे महिन्यात चतुराबाई गेली. त्या दहांतले आणखी तिघं गेले. कोविड सेंटरवरून म्हातारीला प्लास्टिकमध्ये गुंडाळून परस्पर नेलं, पोराला तोंडसुद्धा पाहू दिलं नाही. आणि चौथ्या दिवशी त्याच पोराच्या मोबाइलवर सरकारचा रखडलेला मेसेज आला, की पहिला डोस घेतल्याबद्दल आपलं अभिनंदन.

ओसरीवर वारा नव्हता. लिंबाच्या झाडावर मघापासून एक होला घुमत होता, तोही थांबला. पंचशीलानं टेबलाचा फोटो काढला. तेवढ्यात तिला वास आला. आधी वाटलं स्पिरिटचा. पण तो फवारणीच्या औषधाचा होता, कोविड सेंटरच्या भिंतींना यायचा तसला, आणि त्याच्या तळाशी धूर.

"जय भीम, पोरी."

समोरच्या बाकावर चतुराबाई बसली होती. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. चालून आल्यावर माणूस बसतं तशी, गुडघ्यावर हात टेकून. धाप मात्र लागलेली नव्हती. छाती हलतच नव्हती.

ऊन लख्ख पडलेलं होतं. पारावरचा म्हातारा इथून दिसत होता.

"मावशी... तुमी..."

"नाव हाय न्हवं माझं कागदावर?"

"हाय." तिला स्वतःचा आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "दुसऱ्या डोसाला हाय."

"दुसरा कसा घिऊ बाई?" म्हातारीनं शांतपणे विचारलं. रागानं विचारलं असतं तर बरं झालं असतं. "पैला तर भेटलाच न्हाई."

पंचशीलानं कागदावरच्या चौथ्या नावाकडं पाहिलं.

"संपली म्हणालीस. मला वाटलं, आपली पोर खोटं कावून बोलंल? घरी जाऊन समद्यांना तेच सांगितलं... संपली म्हणून." चतुराबाईनं दंडावरची चोळीची बाही वर सरकवली. "आता दे."

पळून जावं असं पंचशीलाला वाटलं, पण पाय हलले नाहीत. हलले ते हात. बारा वर्षांच्या सवयीनं हातांनी बाटली काढली, तारीख पाहिली, सुई भरली. दंडाला कापूस लावला तेव्हा बोटांना लागली ती थंडी माणसाच्या अंगाची नव्हती, बर्फाच्या डब्याची होती. सुई आत गेली. कुठं अडलीच नाही.

"दुखलं का, मावशी?" हे ती दर वेळी विचारायची, म्हणून आताही विचारलं.

"न्हाई. लिव आता. पैला म्हणून लिव."

पंचशीलानं खाली वाकून लिहिलं. चतुराबाई, पहिला डोस, आजची तारीख. सही केली. मान वर केली तेव्हा बाक रिकामा होता. बाटलीतला एक डोस कमी झाला होता, आणि बाकाखालच्या शहाबादी फरशीवर एक थेंबही सांडलेला नव्हता.

संध्याकाळी तिनं कोऱ्या कागदावर सगळं लिहून काढलं. एप्रिलची बाटली, बंगला, दहा नावं, स्वतःची सही. दुपारचं तेवढं लिहिलं नाही. अर्ज घेऊन ती दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला गेली आणि पोच घेऊन आली.

डॉक्टर चिडले नाहीत. त्यांनी चहा मागवला. "तू पण अडकतीस यात, कळतंय ना? सही तुझीय."

"कळतंय सर. म्हणून तर लिव्हलं."

तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसली. दहाही जणांचे जबाब घ्यायचं काम सोमनाथकडं आलं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात निकाल लागला. दहाही लाभार्थी समक्ष हजर, दहांचे अंगठे, सर्वांना डोस मिळाल्याचं मान्य. तक्रारीत तथ्य नाही. मात्र बोरदरा येथे लाभार्थी हजर नसताना बाटली फोडून एक डोस वाया घालवल्याबद्दल पंचशीला सिस्टर निलंबित. त्याच आठवड्यात शंभर टक्क्यांबद्दल अमरसिंह डॉक्टरांना शाल मिळाली. फोटोत शेजारी बबनराव होते.

कागद हातात घेऊन पंचशीला तडक सोमनाथच्या खोलीत गेली. तो कम्प्युटर बंद करून नुसताच बसला होता. दाढी वाढलेली.

"मेलेल्यांचे अंगठे कुठून आणलेस बे?" ती म्हणाली. "स्वतःच्याच बोटांचे उठवलेस का?"

"सहाचे माझेच हायत," सोमनाथ खालमानेनं म्हणाला. "ते तोडीला गेलते. फोन केला, येत न्हाई म्हणाले. मी आपला शाळंच्या ओसरीवर बसून कागद रंगवत होतो. भर दुपारा."

"आणि बाकीचे चार?"

तो उठला, त्यानं दार लोटून घेतलं.

"ते आले सिस्टर."

पंचशीलानं हातातला कागद टेबलावर ठेवला.

"चौघंबी आले. रांगेत हुबे राहिले. एकेकानं अंगठा दिला. म्या जबाब वाचून दाखवला, डोस मिळाला म्हणून. कोन कायबी बोललं न्हाई. शाई पुसायला कापूस दिला तर..." त्यानं तळहाताकडं पाहिलं. "लई गार होते हात."

"मग?"

"जाताना म्हातारीनं इचारलं. म्हणली, बाळा, पोरीनं माझा डोस दिला, माझं भागलं. ह्या तिघांचं राहिलंय. ज्यांनी घेतला त्यांचं घर कुठं हाय?"

"तू काय सांगितलंस?"

"काय सांगू? खोटं बोलायला जीभच उचलंना." सोमनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. "सांगितला पत्ता. परवाची गोष्ट."

पंचशीलानं स्कूटी काढली. बबनरावांचा बंगला गावाबाहेर होता. फाटक सताड उघडं, गाड्या जागेवर, पण अंगणात माणूस नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी खोकत होतं. मग दुसरं कुणी. मग दोघं-तिघं एकदम, कोरडं, थांबायचं नाव न घेता.

राखणदार फाटकाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला बसला होता.

"आत कोण आलंय?" तिनं विचारलं.

"कुनीबी न्हाई. परवापासून कुनी आलं न्हाई, कुनी भाईर बी न्हाई पडलं." त्यानं आत जाण्याचं नाव घेतलं नाही, नुसतं बोट दाखवलं. "पर त्या कुनाच्या, सांगा बरं?"

पायऱ्यांच्या तळाशी चपलांचे चार जोड होते. एक टायरचा, दोन प्लास्टिकचे, एक बायकी, अंगठा तुटून सुतळीनं बांधलेला. पाहुण्यानं काढून ठेवाव्यात तशा, तोंडं घराकडं करून, ओळीनं.

पंचशीला वाकली. डिसेंबरची थंडी होती, तिथं दिवसभर सावली पडलेली होती, आणि चपला परवापासून तशाच होत्या. तिनं सुतळीच्या चपलेत हळूच हात ठेवला.

चप्पल गरम होती. आत्ताच पाय काढल्यासारखी.