सातवा घास

तुम्ही कधी आपल्या घरातली माणसं मोजली आहेत का?

मोजायला काय लागतं, म्हणाल. मीही तेच म्हणत होते. आमच्या घरी आम्ही चौघं. मी, भूमीचे बाबूजी म्हणजे उमेंद्र, सासूबाई रामबाई, आणि तेव्हा दहावीत असलेली भूमेश्वरी. तिला घरात भूमीच म्हणतात. गोंदियाला लागून कुडव्याला दोन खोल्यांचं घर आहे, पुढे पत्रे टाकून मी शिलाई मशीन ठेवली आहे. पिको-फॉल, ब्लाउज, शाळेचे ड्रेस. हे राईस मिलमध्ये जातात. सांगण्यासारखं काही नाही असं घर.

ते पुस्तक मीच आणलं. दोन वर्षांपूर्वी, पितृपक्ष लागला त्या आठवड्यात. धाग्याचे रीळ आणायला गोंदियाच्या बाजारात गेले होते. रस्त्याच्या कडेला एक माणूस जुनी पुस्तकं किलोवर विकत बसला होता. पोरगी मोबाईल पाहते त्यापेक्षा बरं, म्हणून एक जाडसं उचललं. वरचं पान फाटलेलं होतं. नाव नव्हतं.

भूमीनं ते तीन दिवसांत वाचून काढलं. जेवताना मांडीवर, मोरीपाशी दात घासताना हातात. चौथ्या दिवशी दुपारी माझ्या मशीनजवळ येऊन बसली.

"आई, यातलं शहर कसं आहे, सांगू?"

"सांग. पाय तेवढे मशीनपासून दूर घे."

"त्या शहरात सरकार माणसं उचलून नेते. नेलं की रातोरात त्याचे कपडे नेतात, फोटो नेतात, ताटावरचं नावही घासून टाकतात. सकाळी घरच्यांनी म्हणायचं, आम्ही एवढेच होतो. शाळेत रोज मोजणी होते. जो एक जास्त मोजतो, त्यालाही नेतात."

"मग?"

"मग काही दिवसांनी कोणालेच आठवत नाही. पण त्यातली पोरगी गुपचूप मोजत राहते. खुंट्या किती, कप किती. एक तरी वस्तू जास्त निघतेच..." ती थांबली. "सगळ्यात वाईट काय आहे माहीत आहे? शेवटी शिपाई येतच नाहीत. घरचेच पुसतात."

माझी सुई ब्लाउजवरून सरकून बोटात गेली. मी म्हटलं, "असली पुस्तकं वाचून डोकं दुखते. जा, पाणी भर."

त्या दिवसापासून भूमी मोजायला लागली.

आधी हसण्यावारी गेलं. ती दारातल्या चपला मोजायची, दोरीवरचे टॉवेल मोजायची. बाबूजी म्हणायचे, "आमच्या घरी जनगणना चालू आहे. म्हशी नाहीत, डास लिहून घे बाई." सासूबाई म्हणायच्या, "पोरगी पागल होऊन राहिली. घाल अजून पुस्तकं डोक्यात." भूमी हसत नव्हती. संध्याकाळी लाईट गेली की ती उंबऱ्यावर बसून आमच्याकडे एकेक करून पाहायची आणि तिचे ओठ हलायचे. एक, दोन, तीन... आणि स्वतःला मोजून झाल्यावरही तिचं बोट थांबायचं नाही. ते दाराकडे वळायचं.

मला ते पाहवत नव्हतं. कारण ते मी आधी पाहिलं होतं.

आता तुम्हाला सांगायला हवं. भूमीच्या आधी आम्हाला एक मुलगी होती. रेणू. तेव्हा आम्ही गावी राहायचो, तिरोड्याच्या रस्त्याला वीसेक किलोमीटरवर. रोवणीचे दिवस होते. मी बांधीत धान लावत होते, दीड वर्षाची भूमी धुऱ्यावर झोळीत होती. तिनं झबलं खराब केलं. मी सात वर्षांच्या रेणूला म्हटलं, "जा बाई, बोडीवर हे विसळून आण." बोडी म्हणजे आमच्याकडचा लहान तलाव, शेताला लागूनच. झबलं पाण्यावर तरंगत सापडलं. रेणू दुसऱ्या दिवशी.

त्यानंतर भूमी दुडदुडत दाराशी जायची. "ताई" हा एवढाच शब्द तिला येत होता. घरात कोणी रेणूचं नाव घेतलं की ती खेळ टाकून दाराकडे बघायची. आणि हसायची. कोणी आलं की बाळ हसतं, तसं. एक दिवस सासूबाईंनी तिला दारातून ओढून घेतलं आणि म्हणाल्या, "आजपासून त्या पोरीचं नाव या घरात निघालं नाही पाहिजे. नाव घेतलं की येते ती." फोटो पेटीत गेला. मग आम्ही कुडव्याला आलो. शेत गावीच राहिलं, रोवणीपुरती मी तिकडे जायचे. इथे कोणालाच माहीत नव्हतं. भूमी दाराकडे बघायची थांबली. मी म्हटलं, सुटलो.

सर्वपित्री अमावस्येला आमच्यात गेलेल्यांची नावं घेऊन निखाऱ्यावर घास टाकतात. भात, खीर, वड्याचा तुकडा. घास मी वळते, भूमीचे बाबूजी टाकतात. त्या दुपारीही तसंच. चुलीतले निखारे काढले, तूप सोडलं. यांनी वडिलांचं नाव घेतलं, लक्ष्मीचंद. मग आजी, आजोबा, दोन काका, आत्या. एकेक घास चरचरत जळत होता. सहा नावं झाली. धुरानं खोली भरली.

"बाबूजी," भूमी कोपऱ्यातून म्हणाली, "सातवा कोणाचा?"

त्यांचा हात निखाऱ्यावर तसाच राहिला.

"आई सात घास करते. तुम्ही सहाच नावं घेता. आठवून पाहिलं, मागच्या वर्षीही सातच होते. त्याच्या मागच्याही."

खरं सांगते, मी सातवा घास करते हे आम्ही दोघं एकमेकांशी कधी बोललो नव्हतो. मी वळायचे. ते काही न बोलता टाकायचे. इतकी वर्षं.

"भुकेल्याचा असतो तो," सासूबाई म्हणाल्या. "कायले मधात बोलतेस?"

भूमी उठली. मांडणीवरच्या ताटांतलं सगळ्यात खालचं ताट काढलं. त्याच्या काठावर कधीकाळी मशीननं नाव टाकलेलं होतं, सासूबाईंनी विटेनं घासलेलं. भूमीनं त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवली होती. तो कागद तिनं माझ्यापुढे धरला. पांढरे ठिपके दिसत होते. चि. रेणू.

"ही कोण आहे, आई?"

मी काय म्हणायला हवं होतं, ते मला आज माहीत आहे. तेव्हा मी सासूबाईंकडे पाहिलं, आणि म्हटलं, "कोणी नाही. आम्ही चौघंच आहो."

भूमी माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. ओळखल्यासारखी.

"मी नसली तर माझंही ताट असंच घासाल नं?" ती हळूच म्हणाली.

यांनी घास टाकला. तो चरचरला नाही. निखाऱ्यावर तसाच पांढरा पडून राहिला.

हे जेवून मिलमध्ये गेले, मी आत जरा पडले. संध्याकाळी साडेपाचला उठले तर भूमी घरात नव्हती. मोबाईल गादीवर. चपला नव्हत्या. पुस्तक उघडं, पालथं पडलेलं, आणि त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तिच्या अक्षरात लिहिलेलं, "आई रोवणीला जाते तेव्हा बोडीच्या पाळीवरून कधीच जात नाही. दरवर्षी चिखलातून फिरून जाते. काऊन?"

मी यांना मिलमध्ये फोन केला. हे गाडी घेऊन आले, मी मागे बसले. कुडवा नाक्यावर पानठेलेवाला म्हणाला, "बिटिया तो चार बजे काली-पीली में बैठी. तिरोडा वाली." अमावस्येचा दिवस, सूर्य गेला की लगेच गच्च होतं. दोन्हीकडे धान लोंबीवर आलेलं. त्याचा दुधाळ वास आणि मधूनच सडक्या पाण्याचा. गावाच्या अलीकडे रस्ता सुटतो तिथे चिखलात गाडी रुतली. हे गाडी काढत बसले. मी चपला टाकून पळाले.

चौदा वर्षांत पहिल्यांदा मी त्या पाळीवर, बोडीच्या बांधावर, चढले.

बेडूक ओरडत होते. मी वर पोचले आणि ते सगळे एकदम थांबले. अजून थोडा उजेड होता, शिळ्या राखेसारखा. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर दोघी होत्या. एक मोठी, एक लहान. माझ्याकडे पाठ करून, हातात हात घालून. भूमीचा पिवळा दुपट्टा मी ओळखला. लहानीचं डोकं तिच्या कमरेला लागत होतं.

त्या पायऱ्या उतरत होत्या. घाई नव्हती. पाणी भूमीच्या घोट्यांना लागलं. मग पोटऱ्यांना.

"भूमी!"

कोणी वळलं नाही. पुढची पायरी.

"भूमे... अवं भूमी, माझ्याकडे पाह..."

पाणी गुडघ्यांवर आलं. मी धावायला गेले, आणि पाय उचलेनात. कोणी धरलं नव्हतं. भीतीनं माणूस असा खांबासारखा होतो, हे मी तेव्हा अनुभवलं. लहानीच्या भोवती पाणी हलत नव्हतं. वर्तुळं उठत होती ती फक्त भूमीच्या भोवती.

माझ्याकडे फक्त तोंड उरलं होतं. आणि त्या तोंडात एकच शब्द, जो मी चौदा वर्षं दाबून ठेवला होता.

"रेणू..."

लहानी थांबली.

"रेणू, बाई... तिचा हात सोड. ती लहान आहे." माझा आवाज माझाच वाटत नव्हता. "मी पाठवलं होतं तुले. तुझी काही चूक नाही, माझी आहे. तिले नको नेऊ... तिचा हात सोड, माय."

मग अगदी जवळून, कानाशी म्हणावं इतक्या जवळून, हाकेला देतात तशी एक बारीक "ओ" आली. बेडूक पुन्हा ओरडायला लागले. पाण्यात भूमी एकटी उभी होती आणि थरथरत होती.

मी तिला ओढून वर आणलं. तिचा एक हात तापल्यासारखा गरम होता. दुसरा, ज्या हातात हात होता तो, बर्फासारखा.

"मले माहीत होतं," ती दात वाजवत म्हणाली. "नाव घेतलं की झालं. पुस्तकातही असंच आहे."

मग मी तिला सगळं सांगितलं. पाळीवरच, ओल्या कपड्यांत. झबल्याचं सांगितलं. ती "ताई" म्हणत दाराशी जायची ते सांगितलं. रेणू कशी होती तेही. हट्टी, चहात साय आली की बोटानं काढून कपाच्या काठाला चिकटवायची, आणि त्यावरून रोज आजीची बोलणी खायची. भूमी रडत ऐकत होती, मधेच हसली. मला वाटलं, आता संपलं. आता ही माझी पोरगी मला परत मिळाली.

"तिनं काही विचारलं तुले?" मी विचारलं.

"विचारलं नं." भूमीनं नाक पुसलं. "घरी माझं ताट आहे का, असं विचारलं."

"मग तू काय म्हटलं?"

"म्हटलं, आहे."

खालून बाबूजी चिखलात भरलेले आले. त्यांनी पोरीला छातीशी धरलं. ते पाण्याकडे बघत होते. येताना भूमी आमच्या दोघांच्या मधे बसली. पूर्ण रस्ताभर गाडी दुसऱ्या गिअरवरच ओढत होती.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या. हे आत गेले. भूमी गेली. मी गेले. सासूबाईंनी दार लावलं नाही. कडीवर हात ठेवून, अंग चोरून, त्या अजून थोडा वेळ बाजूला उभ्या राहिल्या. मग दार लोटलं.

झोपण्याआधी मी निखारे पुन्हा फुलवले. दुपारचा सातवा घास राखेत तसाच पांढरा होता. यांनी तो उचलून परत टाकला आणि मोठ्यानं म्हणाले, "रेणू." तो चरचरून जळला. पेटीतला फोटो भिंतीवर लावला. भूमी माझ्या कुशीत झोपली. कितीतरी वर्षांनी मला गाढ झोप लागली.

सकाळी सासूबाईंनी चहा गाळला. नेहमीसारखा बोलत बोलत, गॅस महाग झाला म्हणत. ट्रे मधे ठेवला. पाच कप होते. आम्ही पाहिलं आणि आपापला कप उचलला. भूमी शाळेत गेली, हे मिलमध्ये गेले, सासूबाई देवाला फुलं तोडायला मागे गेल्या. मी कप विसळायला घेतले. पाचही रिकामे होते, आणि पाचव्याच्या काठाला साय चिकटवलेली होती.