एका चिठ्ठीला पाच शब्द

तो आला तेव्हा त्याच्या कोपराला हिरवा रंग लागलेला होता, आणि तो कोपर त्याने सरळ तिच्या नोंदवहीवर टेकवला.

"अहो... कोपर," ती म्हणाली.

त्याने दचकून हात उचलला. "सॉरी मॅडम, सुकलाय असं वाटलं होतं," म्हणत तो शर्टाच्या बाहीनेच पान पुसायला लागला आणि एका डागाचे तीन डाग करून थांबला.

ती वाचनालयाच्या संदर्भ विभागात बसायची. लोकांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहून द्यायचा आणि तिने पुस्तकांतून उत्तर काढून द्यायचं, असं तिथलं काम. शब्दकोशांच्या कपाटाला पाठ लावून बसते म्हणून वाचनालयातले बाकीचे लोक तिला 'डिक्शनरी' म्हणत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचंही. याची चिठ्ठी मात्र तिला दोनदा वाचावी लागली. ए, डब्ल्यू आणि वाय ही तिन्ही अक्षरं असलेले इंग्रजी शब्द त्याला हवे होते.

"स्पर्धेतलं कोडं आहे का? त्यांची उत्तरं आम्ही देत नाही."

"स्पर्धा कसली? मी पेंटर आहे. नव्या हॉस्पिटलच्या पाट्या करतोय, हाताने." त्याने हवेत बोटाने अक्षरं काढून दाखवली. "ही तिघं महा भांडकुदळ. शेजारी बसवली की मध्ये एवढं भगदाड दिसतं. वेगवेगळ्या शब्दांत लिहून लिहून हात बसवावा लागतो."

"कंप्युटरवर एका मिनिटात मिळतील."

"मिळाले की. भाराभर. त्यातले निम्मे इंग्रजांच्या आजोबांनीसुद्धा ऐकले नसतील. मला माणसांनी वापरलेले शब्द हवेत." आणि तो हसला. हसताना त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त मिटायचा.

तिच्या डोक्यात शब्दांची गर्दी होती, पण हाताला काय झालं कोण जाणे. अवे, ऑलवेज, रेल्वे, हायवे, गेटवे... एवढं लिहून पेन थांबलं.

"पाचच?" त्याने विचारलं.

"दिवसाला एक चिठ्ठी, एका चिठ्ठीला पाचच शब्द. नियम आहे," ती म्हणून बसली.

असा काही नियम नव्हता. आपण असं का म्हणालो, हे तिचं तिलाही कळेना. ती दुरुस्त करायला तोंड उघडणार, तोच तो म्हणाला, "मग उद्या येतो."

तो खरंच आला. परवाही आला. रोज साडेअकराच्या सुमाराला जिन्यावर टर्पेंटाइनचा वास आधी यायचा आणि मागून तो. तो वास आला की ती उगाचच टेबलावरचे कागद सारखे करायची.

"आज जे, ओ, वाय," एकदा त्याने चिठ्ठी सरकवली.

तिने लिहून दिलं. जॉय, एन्जॉय, जॉयफुल, जर्नी, मेजॉरिटी.

"तुमच्याकडे आनंदाचेच शब्द जास्त निघतात हो."

"अक्षरं तुम्ही आणता," ती खाली बघत म्हणाली.

"पण हॉस्पिटलच्या पाटीवर यातला एकही येणार नाही."

"मग आणलीत कशाला?"

तो गडबडला. "हात बसवायला..." असं काहीतरी पुटपुटत निघून गेला. त्या दिवशी दुपारभर ती त्याच उत्तराचा कीस पाडत बसली.

घरी ताईच्या हाती तिची वही लागली. "हे काय ग? त्या पेंटरला पाच देतेस आणि इथे चाळीस चाळीस लिहून ठेवतेस?"

"सगळे दिले तर तो उद्या कशाला येईल?" बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

"आवडतो?"

"माहीत नाही."

"आणि त्याला तू?"

"तेही माहीत नाही. तो शब्दांसाठी येतो, ताई."

"मग विचार की."

"आणि खरंच शब्दांसाठीच येत असला तर?"

ताईने घडी करायला घेतलेला उशीचा अभ्रा तिच्या डोक्यावर घातला आणि म्हणाली, "खुळी आहेस."

मग एका बुधवारी तो उतरल्या तोंडाने आला. चिठ्ठी न देताच बसला.

"नमुना परत आला. वॉर्डच्या पाटीत डब्ल्यू आणि ए फाकलेत म्हणे. शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर काम मशीनवाल्याला जाणार." त्याने तळहात उलटसुलट करून पाहिला. "दिवसाला पाच शब्दांत कितीसा हात बसणार? तुमचा दोष नाही म्हणा. नियम तो नियम."

घरची ती शब्दांची वही आज टेबलाच्या खणातच होती. ती दिली तर खोटं उघडं पडणार आणि त्याचं येणंही थांबणार. नाही दिली तर त्याचं काम जाणार. तिने खण उघडला.

"असा नियम नाहीये. मीच केला तो."

"का?"

"तुम्ही रोज यावं म्हणून... असेल. मला नीट सांगता येत नाही. पहिल्यांदा तोंडून निघून गेलं, आणि मग मागे घेता येईना."

त्याने पानं उलटली. ओळींमागून ओळी. "हे कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"दुसऱ्या दिवसापासून."

तो हसला नाही, चिडलाही नाही. वही उचलून निघून गेला.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिलाच ठाऊक. मधुमेहावर पुस्तक मागणाऱ्या आजोबांना तिने मधमाश्यांचं पुस्तक दिलं. आपण बरोबर केलं की उशिरा केलं, तो रागावला की दुखावला, आणि आपल्याला नेमकी कशाची भीती वाटतेय, यातलं काही म्हणता काही तिला सुटेना.

सोमवारी त्याने वही टेबलावर आणून ठेवली.

"काम?" तिने विचारलं.

"टिकलं. या वहीमुळे. आणि हातचं जात होतं तेही तुमच्यामुळेच."

"हो."

तिने वही जवळ ओढून घेतली. मग म्हणाली, "आज काय शोधू?"

"काही नको. अक्षरं संपली. मी रागावलोय, ते सांगायला आलोय."

"बरोबर आहे तुमचं."

"आई रोज म्हणायची, एवढे कडक नियम असतील तर चौकातल्या दुसऱ्या वाचनालयात जा. मी नाही गेलो." तो थांबला. "का नाही गेलो... ते शोधतोय चार दिवस."

"सापडलं?"

"थोडंफार." त्याचे कान लाल झाले होते. "पण राग आहेच हां. तो असा एकदम जायचा नाही. जाईपर्यंत... रोज भेटावं लागेल, मला वाटतं."

हा राग आहे की आणखी काही, तिला कळेना. "रागातच भेटायचं?"

"सुरुवात रागातच. पुढचं मलाही माहीत नाही."

तिने पेनाला टोपण लावलं आणि साडेअकरालाच जेवणाच्या सुट्टीची पाटी टेबलावर उभी केली. "मग चला. आजपासूनच रागवा. बाहेर बाकावर जागा आहे."

दार त्याने तिच्यासाठी उघडून धरलं, चेहरा तेवढा रागीट ठेवून. हसावं की माफी मागावी हे तिला काही केल्या ठरवता येईना, म्हणून तिने दोन्ही केलं.