करडीच्या पाठीवर

मोठ्या मांजरांना घर मिळतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मिळतं. वेळ लागतो, पण मिळतं. आमच्या नऊच्या नऊ मांजरांना मिळालं. नवव्या वेळी काय झालं ते मात्र मी सहसा कुणाला सांगत नाही. दिवा राहू द्या तसाच, मालवू नका.

त्या दिवशी दुपारी मी दुकानातून लवकर निघाले. चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचं काम करते मी. बाहेर धुकं उतरलं होतं. समोरून येणारी माणसं अगदी जवळ आल्यावर माणसं व्हायची, आणि दोन पावलांत पुन्हा पुसली जायची. काम साधंच होतं. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडून पिंजरा घ्यायचा, बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्यात जायचं आणि शेवटची मांजरी पकडून आणायची.

"आजच जमव," पिंजरा हातात देताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी यंत्रं येतायत भिंती पाडायला. आवाजाला घाबरून ती आत कुठे दडून बसली, तर मग..."

ही मांजरं खरं तर माझी नव्हती, आत्यांची होती. आत्या नक्की कुणाच्या आत्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण सगळी गल्ली त्यांना आत्याच म्हणायची. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभा जन्म गेला. निवृत्त झाल्यावर रोज संध्याकाळी दोन डबे घेऊन त्या कारखान्याच्या मागच्या आवारात जायला लागल्या. एकेक मांजर पकडून त्यांनी नसबंदी करून घेतली, खूण म्हणून कानाचं टोक कापून घेतलं, आणि पुन्हा तिथेच सोडलं. पुढे त्यांचे गुडघे बोलायला लागले तेव्हा डबे माझ्या हातात आले. मागच्या थंडीत आत्या गेल्या. त्यानंतर दोन महिन्यांत कारखाना पाडायचं ठरलं.

नऊ मांजरं, सगळी वयात आलेली. पिल्लू म्हटलं की लोक ओंजळ पुढे करतात. सात वर्षांचा बोका म्हटलं की त्यांना एकदम घरातल्या पडद्यांची आठवण येते. तरी मी चिकाटी सोडली नाही. एका डोळ्याचा बोका रोपवाटिकेत गेला. तिथले मालक म्हणाले, एका डोळ्यानं बघितलं तरी उंदराला पुरे. दोन बहिणी एका निवृत्त हेडमास्तरांकडे गेल्या. त्यांना एकच हवी होती, पण दोघी एकमेकींना बिलगून बसल्या तेव्हा मास्तर विरघळले. असं करत करत आठ गेली. राहिली करडी.

करडीनं दहा वर्षं आत्यांच्या हातचं खाल्लं, पण अंगाला हात म्हणून लावू दिला नाही. आत्या हसायच्या. "अगं, हिच्यापेक्षा आमचे साहेब बरे. वर्षातून एकदा तरी हात मिळवायचे."

तिच्यासाठीही शेवटी एक घर सापडलं. पुस्तकं बांधायचं काम करणाऱ्या एक बाई, एकट्या राहणाऱ्या. मी त्यांना करडीची सगळी कुलंगडी आधीच सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "अंगाला हात लावू देत नाही? उत्तम. मलाही कुणी अंगचटीला आलेलं आवडत नाही. आमचं जमेल."

तर त्या संध्याकाळी मी माल बांधायच्या दालनात शिरले. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती, पण हवा दमट झाली की भिंतींतून साबणाचा वास अजून सुटायचा. कुणीतरी नुकतंच अंघोळ करून गेल्यासारखा. फुटक्या तावदानांतून धुकं आत येत होतं आणि लाकडी बाकांच्या खालून, न दिसणाऱ्या पाण्यासारखं, हळूहळू पसरत होतं. कुठेतरी छतातून एक थेंब पडायचा. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा एक.

पिंजऱ्याच्या आत, अगदी टोकाला, मी मासे ठेवले. त्यांच्या अलीकडे एक पत्रा असतो. त्यावर पाय पडला की दार धाडकन खाली येतं. मग मी खोक्यांच्या आडोशाला जाऊन बसले. उजेड जायच्या आत ती यायला हवी होती.

ती आली. दाराकडून नाही, बाकांच्या मधून. पिंजऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. दालनाच्या मधोमध येऊन बसली आणि मान किंचित वर केली.

मग तिच्या मानेवरचे केस दबले.

मला वाटलं वारा. पण केस मानेपासून शेपटीपर्यंत एका संथ रेषेत दबत गेले आणि तिथे थांबले. मग पुन्हा डोक्यापासून सुरुवात. वारा असा परत परत डोक्याकडे येत नाही. करडीनं डोळे अर्धे मिटले. आणि मग तो आवाज आला, इतका खोल की आधी मला कळलंच नाही कुठून येतोय. करडी घुरघुरत होती. दहा वर्षांत तो आवाज कुणी ऐकला नव्हता.

"आत्या...?" मी पुटपुटले.

करडीचा कापलेला कान वळला. माझ्याकडे नाही.

ती उठली. कुणाच्या तरी पायाला अंग घासत चालावं तशी, एका बाजूला कलून, ती पिंजऱ्यापर्यंत गेली आणि आत शिरली. पत्र्यावर तिचा पाय पडलेला मी पाहिला. मी कानांवर हात ठेवणार होते, कारण त्या दाराचा आवाज फार वाईट असतो. पण दार पडलं नाही. ते खाली आलं... सावकाश, अगदी सावकाश, बाळ झोपलेल्या खोलीचं दार ओढून घ्यावं तसं. शेवटी कडी लागल्याचा हलकासा टिक आवाज झाला.

मी घाबरले नाही, हे तुम्हाला खरं वाटणार नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, करडीला कुरवाळायची आत्यांची एवढी एकच इच्छा राहिली होती, तीही पुरी झाली.

पिंजरा उचलला तर निम्मं वजन गायब. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात दिल्यासारखा तो माझ्याबरोबर तरंगत आला. त्या धुक्यातून पुस्तकवाल्या बाईंच्या घरापर्यंत मी वाटभर बोलत होते. बोका कुठे दिला, रोपवाटिकेला कसं जायचं, मास्तरांचं घर कोणत्या वळणावर, बहिणी कोणत्या खिडकीत झोपतात... सगळं सगळं सांगितलं. पोरी मार्गी लागल्यावर घरातल्या मोठ्यांना सांगावं, तशा मायेनं. पिंजरा मधूनमधून जरासा थांबायचा. ऐकत असल्यासारखा.

त्यानंतर मी दर दोन दिवसांनी बाईंना फोन करत होते. "जेवते, झोपते, माझ्या वाटेला जात नाही," एवढंच त्या सांगायच्या. तीन आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, मी स्वतः बघायला गेले.

खोलीत खळीचा आणि जुन्या कागदाचा वास होता. बाई खिडकीपाशी बसून एका जाडजूड पुस्तकाची पानं शिवत होत्या. सुई आत, दोरा बाहेर, सुई आत. कोचावर ऊन पडलं होतं आणि उन्हात करडी पसरली होती. अंगानं भरली होती. मी शेजारी बसले तरी हलली नाही.

"हात लावून बघा," बाई मान वर न करता म्हणाल्या. "आता लावू देते."

"तुम्ही लावलात?"

त्यांनी दोरा ओढून टाका घट्ट केला. "एकदा."

मी हात पुढे केला. करडीनं डोळे किलकिले करून माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. तिच्या पाठीवर मी तळवा टेकवला.

तळव्याखाली केस नव्हते.

आधी मला वाटलं तिचं हाड लागतंय. मग एकेक पेर जाणवत गेलं. तिच्या पाठीवर आधीच एक हात होता, आणि माझा हात त्या हातावर पडला होता. दिसत काहीच नव्हतं. करडीचे राखाडी केस, त्यांवर ऊन, आणि माझी बोटं जराशी अधांतरी.

शेवटचे आठ दिवस दवाखान्यात आत्यांचा हात मी धरून बसले होते. रुंद, गुबगुबीत, आखूड बोटांचा. तो हात मला अंधारातही ओळखता आला असता. हा तो नव्हता. हा लांब होता, हाडकुळा, बोटांच्या टोकांना खरखरीत, आणि इतक्या उन्हातसुद्धा गार.

त्या वाटेवर मी कुणाला घरं सांगत होते...?

मी हात मागे घ्यायला गेले. तेव्हा तो खालचा हात हळूच उलटा झाला. त्याचा तळवा माझ्या तळव्याला लागला, आणि एकामागून एक बोटं माझ्या बोटांभोवती मिटली. जोरात नाही, ओळखीच्या माणसासारखी.

खिडकीपाशी सुई थांबली होती.

"ओढू नका," बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "थोड्या वेळानं सोडतो."

सोडतो म्हणजे तो हात, की आणखी कुणी, हे मी विचारलं नाही. त्यांनी सुईत नवा दोरा ओवला आणि पुन्हा शिवायला लागल्या. तो दोरा संपेपर्यंत मी तशीच बसून राहिले.