मुशीतले पैंजण

"पैंजण वितळले, वितळवणारी कबूलही झाली. मग आम्हाला कशाला बोलावलं?" हुपरीच्या चांदीच्या कारखान्यात शिरताच हंबीरराव कुरकुरले. कोल्हापूरच्या खासगी गुप्तहेर अनुजाताईंसोबत ते कैक वर्षं फिरत होते. गोंधळायचं मात्र त्यांनी काही सोडलं नव्हतं.

"मला पटंना म्हणून," मालक बापूसो म्हणाले. "चिमणाबाई ह्या भट्टीवर म्हातारी झाली. खरं कळलं न्हाय तर तिला काढावं लागंल. गावभर बोभाटा झालाय."

पैंजण त्यांच्या दिवंगत पत्नीचे. घरच्या रीतीप्रमाणे ते सुनेला, त्रिशलाला, जायचे होते.

"घुंगरांत लोखंडाचे छर्रे. लांबनं आवाज यायचा," बापूसो म्हणाले. "लेकीला, आदितीला, लग्नासाठी नवे केले ते बिनघुंगराचे. आजकालच्या पोरींना आवाज नको!"

चिमणाबाई मान वर करेना. "मोडीच्या जुन्या चांदीबरोबर चुकून मुशीत पडले. गोळा झाला. काढा मला."

"नंतर मूस कुणी साफ केली?" अनुजाताईंनी विचारलं.

"कुणी हात लावला न्हाय."

त्रिशला फणकारली, "पैंजणावाचून मी काय मरत न्हाय! म्हातारीच्या पोटावर पाय नको. आदितीचे नवेबी सापडंनात. घराला काय झालंय कुणास ठाऊक."

आदिती दारात उभी होती. छपराचा पत्रा उन्हानं तापलेला आणि हिच्या पायांत जाड लोकरी मोजे.

"टाचा भेगाळल्यात," ती घाईनं म्हणाली.

"कोकमतेल लाव की," हंबीरराव कळवळले. "जरा गरम केलं की पाघळतंय."

अनुजाताई हसल्या. चांदीच्या किसातलं लोखंड वेचायचा लोहचुंबक त्यांनी उचलला, गोळ्यावरून फिरवला, मुशीतून फिरवला. काहीच चिकटलं नाही.

"हंबीरराव, कोकमतेल नुसत्या उबेनं पाघळतं. चांदीला भट्टी लागते. आणि लोखंडाला?"

"तेबी वितळत असंल की!"

"ह्या भट्टीत न्हाय. लोखंडाचे कण एकमेकांना फार घट्ट धरून असतात. चांदीचं पाणी झालं तरी छर्रे साबूत राहून वर तरंगणार. इथं एकही न्हाय. म्हणजे गोळा बिनघुंगराच्या पैंजणांचा."

"आरं तिच्या! मग चिमणाबाई खोटं बोलली?"

"व्हय. छर्रे उरतात हे तिला पक्कं ठाऊक; तिनं फसवलं असतं तर चार छर्रे मुशीत टाकले असते. भट्टीवर कधी न बसलेल्या कुणाला तरी ती पाठीशी घालतीय. आदिती, मोजे काढ बाळ."

आदिती रडतच खाली बसली. घोट्याशी आवळलेले पैंजण मोकळे झाले आणि छुमकन वाजले. पाठमोरे बापूसो दचकून वळले.

"आईचा आवाज सासरी न्यायचा होता मला," ती हुंदक्यांत म्हणाली. "मागायचा धीर झाला न्हाय. म्हणून त्यांच्या जागी माझे वितळवून ठेवले. चिमणामावशी सगळं अंगावर घेतील, हे वाटलंच नव्हतं." तिनं म्हातारीचे पाय धरले.

"आईविना पोर ती," चिमणाबाई पुटपुटली. "हिच्या आईनंच मला ह्या भट्टीवर बसवलं."

"मग मागायचं की गं येडे!" त्रिशलानं डोळे पुसले. "घेऊन जा."

बापूसोंनी वाकून लेकीच्या पायांतले पैंजण सरळ केले. मग म्हणाले, "एकदा दारापातूर चाल, पोरी. हळू."

आदिती चालली. बापूसो डोळे मिटून ऐकत राहिले, आणि चिमणाबाई भट्टी पेटवायला उठली.