नसलेली घोडी

सोलापूरच्या यष्टी स्टँडावर गिरिजाबाई पदरानं डोळे पुसत बसल्या होत्या आणि शेजारी त्यांची भाची नीलम्मा निवांत शेंगा फोडत होती. दोघी नुकत्याच सिनेमा बघून आल्या होत्या.

"पोरगी गेली गं बिचारी!" गिरिजाबाईंना पुन्हा उमाळा आला.

"आत्या, अर्धा सिनेमा नुसती खोकत होती ती. आणि मरताना अख्खं गाणं म्हणाली! छातीत एवढा दम होता तर मरायला झालं काय?"

"अगदी बरोबर बोललात," बाकड्याच्या दुसऱ्या टोकाकडून आवाज आला.

नीलम्मानं मान वळवली. उंच, सावळा तरुण. तिनं बघितल्याबरोबर त्यानं नजर खाली घातली... आणि लगेच पुन्हा वर केली.

त्याचं नाव श्रीमंत. तुळजापूरला गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होता. रविवारी सोलापूरला बहिणीकडं यायचा, सिनेमा बघायचा. नीलम्मा वाटेवरच्या तामलवाडीत मास्तरीण. आत्याला सिनेमाचा भारी नाद, म्हणून हिची सोबत. दोघांची परतीची गाडी एकच. मग काय, रविवारमागून रविवार गाठ पडू लागली. गाडी सुटली की गिरिजाबाई खिडकीला डोकं टेकून घोरायच्या, आणि मधली वाट सोडून पलीकडच्या बाकावर तो बसायचा.

"हिरो जरा लठ्ठच होता, न्हाय?" ती म्हणायची.

"लठ्ठच. झाडामागं मावत नव्हता."

"पण गाणी बरी होती."

"गाणी... फार बरी होती."

तो हसला की नीलम्मा खिडकीबाहेर बघायची. त्याच्या हातांना आयोडीनचा वास यायचा आणि तो वास घरी गेल्यावरही तिच्या मनातून जायचा न्हाय. रविवारी ती जांभळं लुगडं नेसू लागली. पण एक गोष्ट तिला खुपू लागली. हा माणूस कधी न्हाय म्हणतच नव्हता! तिनं वाईट म्हटलं की वाईट, चांगलं म्हटलं की चांगलं.

दुसरी कुणी असती तर सुखावली असती. नीलम्माला मात्र जुनी गोष्ट आठवायची. दोन वर्षांमागं तिचं लग्न ठरलं होतं. त्या मुलानंही सगळ्याला मान डोलावली होती. शाळा चालू ठेवणार? ठेवा की! वडिलांना बघणार? बघा की! आणि साखरपुडा झाल्यावर निरोप आला, नोकरी सोडायची. तिनं लग्न मोडलं. गावानं नावं ठेवली, तिचे वडील महालिंगप्पा कित्येक दिवस मान खाली घालून दुकानात बसले. तेव्हापासून गोड 'व्हय' ऐकलं की तिला वाटायचं, यामागं काय दडवलंय?

हा खरंच सिनेमा बघतो, की नुसता स्टँडावर येऊन बसतो? आणि बसत असला, तर कशासाठी?

एका रविवारी तिनं त्याला पारखायचं ठरवलं. गाडी सुटल्यावर सहज म्हटल्यासारखं म्हणाली, "ती घोडी विहिरीवर उभी राहून रडते, तेवढं मात्र काळजाला भिडलं बघा."

श्रीमंतनं कपाळ खाजवलं. मग म्हणाला, "व्हय... लई भिडलं."

"त्या सिनेमात घोडीच नव्हती."

त्याचे कान लाल झाले. "ऐका तरी—" तो म्हणाला, पण नीलम्मानं तोंड फिरवलं ते तामलवाडी येईपर्यंत. उतरताना तिचे डोळे भरले होते. गिरिजाबाईंना वाटलं, सिनेमाच आठवला.

आणि पुढच्याच आठवड्यात श्रीमंतकडून मागणं आलं! महालिंगप्पांना हर्ष झाला. "मुलगा आपल्यातला, नोकरीचा. तुझी शाळा चालू राहू दे म्हणतो."

"आप्पा, तो नसलेल्या घोडीलाही व्हय म्हणतो. त्याच्या व्हयला काय किंमत?"

"कसली घोडी?" आप्पा गोंधळले. पण पाहुणे मंडळी तिकडून निघाली होती. आता दारातून परत कसं पाठवायचं?

श्रीमंत मामाला घेऊन आला. ओसरीवर चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊन झाला, चहा आला. गिरिजाबाई चतुर, "पोरांना दोन शब्द बोलू द्या," म्हणून त्यांनी दोघांना परसात धाडलं आणि स्वतः दारात चुरमुरे निवडत बसल्या.

"सिनेमा बघितला होता का तुम्ही?" नीलम्मानं सरळच विचारलं.

"बघितला होता. घोडी नव्हती, ठाऊक होतं मला."

"मग?"

त्यानं शेवग्याची एक शेंग तोडली, उगाच हातात फिरवली. "वडील होते तोवर आमच्या घरात त्यांच्यापुढं कुणी न्हाय म्हणायचं न्हाय. न्हाय म्हटलं की ते महिना महिना बोलायचे न्हाईत. मला वाटलं, मी न्हाय म्हणालो की तुम्ही... तुमचं बोलणं थांबंल."

"आणि तुमची खरी मतं?"

"सांगू? राग धरू नका." त्यानं दम घेतला. "त्या खोकणाऱ्या पोरीला बघून मी रडलो होतो. हिरो मला लठ्ठ वाटला न्हाय. आणि गाणी— गाणी भिकार होती."

"भिकार?" नीलम्मा उसळली. "कान हाईत का न्हाईत तुम्हाला?"

"कान हाईत म्हणून तर!"

आवाज चढले. ओसरीवर मामांच्या हातातली कपबशी थबकली. गिरिजाबाईंनी मात्र मान वर केली न्हाय, नुसत्या गालात हसल्या.

मग नीलम्मा एकदम शांत झाली. तिचा खरा प्रश्न अजून राहिला होता. "आणि माझी शाळा? आता व्हय म्हणून मोकळं होऊ नका."

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. "शाळा सोडा असं मी कधी म्हणणार न्हाय. पण आईला पटणार न्हाय. ती बोलंल. मी तुमच्या बाजूनं उभा राहीन... पण तिला गप्प करता येईल का, ते मला माहीत न्हाय. आणि शाळेतून तुळजापूरला येताना थंडीत तुमची संध्याकाळची गाडी चुकली तर मला करमणार न्हाय, तेही आत्ताच सांगतो."

नीलम्मानं आजवर कितीतरी व्हय ऐकले होते. 'माहीत न्हाय' हे पहिल्यांदा ऐकत होती. मनातला कित्येक दिवसांचा पीळ सुटल्यासारखं झालं. तिनं पहिल्यांदाच त्याच्याकडं अगदी डोळे भरून बघितलं. आणि या वेळी त्याचीही नजर खाली गेली न्हाय.

महालिंगप्पा धास्तावून दारात आले. "भांडताय काय? जुळत न्हाय का?"

"न्हाय आप्पा. एकाही सिनेमावर जुळत न्हाय."

आप्पांचा चेहरा पडला. "मग... नकार कळवू का?"

"छे, आप्पा!" नीलम्मा लाजली, पदर सारखा करत म्हणाली, "मामांना म्हणावं, मुलीला पसंत हाय."